दहा बाय बारा

घराचा नकाशा हातात आला की सगळेजण आधी चौरस फूट मोजतात, आणि आम्हीही तेच केले. एक बेडरूम दहा बाय बारा आणि दुसरी आठ बाय पंधरा, म्हणजे दोन्हींचे क्षेत्रफळ बरोबर १२० चौरस फूट असल्यामुळे दोन्ही भावांना समान वाटणी झाली, असे समाधान वडिलांनी करून घेतले होते. आईने मात्र नकाशावर बोट ठेवून विचारले, "अरे, ही खोली आहे की बोळ?"

तिचे म्हणणे पटवून घ्यायला आम्हाला एक रविवार लागला. गच्चीवर फक्कीने दोन्ही खोल्या खऱ्या मापात आखल्या आणि सहा बाय साडेसहा फुटांच्या पलंगाऐवजी सतरंजी अंथरली. दहा बाय बाराच्या खोलीत पलंगाचे डोके लांब भिंतीला लावले, एका आखूड भिंतीशी दोन फूट खोल कपाट धरले, तरी दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट आणि पायाशी साडेतीन फूट उरले. आठ बाय पंधरामध्ये तशाच मांडणीत पायाशी जेमतेम दीड फूट राहिला. पलंग फिरवून डोके आखूड भिंतीला लावले, तर दोन्ही कडांना एकेक फूट उरला, म्हणजे चादर खोचायची तर पलंगावर चढूनच. पलीकडे साडेआठ फूट जागा रिकामी होती खरी, पण ती नुसती चालण्याची. शिवाय भिंतींच्या गिलाव्यात दोन्हीकडून अर्धा-अर्धा इंच जातो, तो वेगळाच.

जुन्या वाड्यांत खोली खणांत मोजत. दोन तुळयांमधले अंतर म्हणजे एक खण, आणि तुळईला मिळेल तेवढ्याच लांबीचे लाकूड, त्यामुळे खोलीच्या रुंदीला आपोआप लगाम बसे. स्लॅबने तो लगाम काढला आणि प्लॉटच्या आकारात बसेल तशी खोली कापण्याची मुभा दिली. राष्ट्रीय बांधकाम संहिता मोठ्या खोलीला ९.५ चौरस मीटर क्षेत्रफळाबरोबर किमान २.४ मीटर रुंदीही मागते, ती उगाच नव्हे. आमची आठ फुटी खोली त्या नियमात जेमतेम बसत होती, पण नियमात बसणे आणि खोलीत माणूस बसणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

मग आईने आपला मोर्चा स्वयंपाकघराकडे वळवला. सहा बाय बाराच्या त्या चौकटीत दोन फुटांचा ओटा आणि समोर सव्वादोन फुटांचा फ्रीज आखल्यावर मध्ये पावणेदोन फूट उरले. त्या पट्ट्यात उभी राहून तिने मला मागून पाण्याची कळशी घेऊन जायला सांगितले. मी अडकलो.

इंजिनिअरसाहेबांनी हॉल आणि स्वयंपाकघर यांमधली भिंत दीड फूट हॉलकडे सरकवली. हॉल अठरा फुटांऐवजी साडेसोळा झाला, रुंदी बाराच राहिली आणि माझ्या मते तो आता जास्त देखणा दिसतो. स्वयंपाकघराचाही लांबटपणा गेला. वडील मात्र पाहुण्यांना हॉल दाखवताना भिंतीपाशी थांबतात आणि पलीकडे ओट्याच्या दिशेने हात करून सांगतात, "आमचा दीड फूट तिकडे गेलाय."