कर्करोगाच्या उपचारात विषाणू कशासाठी?

कार-टी म्हणजे रुग्णाच्याच टी-पेशींत (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशींत) नवे जनुक घालून त्यांना कर्करोगाशी लढायला लावणारा उपचार. त्याची चौकशी करणाऱ्या नातेवाइकांना सर्वांत मोठा धसका बसतो तो यात वापरला जाणारा वाहक विषाणू एचआयव्हीच्या कुळातला आहे, हे ऐकून. ही भीती स्वाभाविक आहे, आणि म्हणूनच तिचे उत्तर घाईघाईत न देता नीट समजावून द्यायला हवे, असे मला मनापासून वाटते.

पेशीत शिरून आपली जनुके तिच्या हवाली करणे ही विषाणूची मूळ विद्या. उपचारासाठी तेवढीच हवी असते. एचआयव्हीच्या कुळातल्या या विषाणूपासून, म्हणजे लेंटिव्हायरसपासून, वाहक बनवताना रोग घडवणारी जनुके काढून टाकतात, आणि बांधणीपुरती लागणारी जनुकेही डीएनएच्या वेगवेगळ्या तुकड्यांवर विभागून प्रयोगशाळेतल्या पेशींना देतात. त्यामुळे तयार झालेला कण नेमून दिलेले जनुक पोहोचवतो, पण स्वतःची वाढ करू शकत नाही. शिवाय हे सारे शरीराबाहेर घडते. रुग्णाचे रक्त यंत्रातून फिरवून त्यातल्या पांढऱ्या पेशी काढून घेतात व उरलेले रक्त त्याला परत देतात. मग त्यांतल्या टी-पेशींत कर्करोगाच्या पेशींवरचे सीडी१९ हे प्रथिन ओळखणाऱ्या रिसेप्टरचे (पेशीवर बसणाऱ्या ग्राहकाचे) जनुक घालून त्या वाढवतात, तपासतात, गोठवतात, आणि अखेर खाटेशेजारी वितळवलेली ती लहानशी पिशवी सलाइनसारखी शिरेतून चढवतात.

सगळीकडे हाच वाहक चालतो असे नाही. अमेरिकेत २०२२ साली मूत्राशयाच्या एका प्रकारच्या कर्करोगासाठी मान्य झालेल्या औषधात अडेनोव्हायरस हा वेगळा विषाणू इंटरफेरॉन या प्रतिकारशक्ती चेतवणाऱ्या प्रथिनाचे जनुक नेतो. ते पेशीच्या गुणसूत्रात कायमचे जोडले जात नाही, म्हणून दर तीन महिन्यांनी औषध नळीवाटे मूत्राशयात पुन्हा द्यावे लागते. लेंटिव्हायरस मात्र जनुक कायमचे जोडतो, आणि धोकाही तिथेच आहे. २००० नंतरच्या दशकात फ्रान्समध्ये जन्मजात प्रतिकारशक्ती नसलेल्या काही मुलांना लेंटिव्हायरसच्याच व्यापक कुळातल्या, जुन्या पद्धतीच्या रेट्रोव्हायरस वाहकाने बरे केले, पण ते जनुक नको त्या जागी जोडले गेल्याने त्यांतल्या काहींना ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) झाला. कार-टी घेतलेल्यांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवतात, ते याच अनुभवामुळे. उपचार लागू पडला म्हणून ही तपासणी कुणीही टाळू नये.

पवईची आयआयटी आणि टाटा स्मारक केंद्र यांच्या कामातून घडलेल्या नेक्सकार१९ या कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळाली. वाहक परदेशातून आणायचा तर एकेका रुग्णामागे प्रचंड खर्च येतो. तो इथेच बनवला, हे मला या कामातले सर्वांत मोलाचे पाऊल वाटते. परदेशाच्या सुमारे एक दशांश किमतीत हा उपचार मिळतो, त्यात या निर्णयाचा मोठा वाटा आहे. तरीही काही लाखांचा हा आकडा परळच्या टाटा रुग्णालयात उपचारासाठी येणाऱ्या बहुतेक कुटुंबांच्या आवाक्याबाहेरचाच आहे.

तंबाखूमुळे होणाऱ्या तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण आपल्याकडे खूप, आणि त्यांचे नातेवाईकही याच उपचाराविषयी विचारतात. त्यांना स्पष्ट सांगायला हवे, की सीडी१९ हे बी-पेशींवर (पांढऱ्या पेशींच्याच दुसऱ्या एका प्रकारावर) आढळते, म्हणून नेक्सकार१९ या पेशींपासून होणाऱ्या काही ठरावीक लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कर्करोग) व ल्युकेमियापुरतेच आहे. घट्ट गाठींच्या कर्करोगात वाहक मिळाला तरी नेम कशावर धरायचा हा प्रश्न उरतो, कारण तिथल्या पेशींवरच्या बऱ्याच खुणा निरोगी पेशींवरही असतात.