पाईपची वही : परीक्षण नेमकं कशाचं करायचं?

या खेपेला तंबाखू ओढायचा नवा पाईप नाही. आहेत त्यांचीच परीक्षणं नव्याने लिहायला घेतलीत आणि त्या नादात वहीचा साचाच बदलला. ‘ग्रेन (लाकडाच्या रेषा) सुरेख, हातात छान बसतो, धूर थंड’ या छापाची वाक्यं आता बंद. ती खोटी नसतात, पण ती वाचून पाईप घ्यावा की नाही हे कुणालाच ठरवता येत नाही.

मुळात अडचण ब्रायरची. भूमध्य समुद्राकाठच्या एरिका आर्बोरिया नावाच्या झुडपाच्या बुडाशी धरणारी ही गाठ. उकळून, महिनोन्‌महिने वाळवून मग तिचा पाईप होतो. एकाच आकार-क्रमांकाचे दोन सॅव्हिनेली (इटालियन कंपनीचे पाईप) शेजारी ठेवले तरी ग्रेन वेगळी, वजन वेगळं, ओल शोषायची तऱ्हाही वेगळी. लाकडाचं मी जे कौतुक करीन ते माझ्या तुकड्याचं. तुमच्या नशिबी येणारा तुकडा निराळा. म्हणून कारखान्याने प्रत्येक नगात सारखं करायला हवं तेवढंच तपासायचं, असं ठरवलं.

पहिला मान भोकाला. रिकाम्या बाउलमध्ये (तंबाखू भरायच्या वाटीत) टॉर्च मारायचा आणि धुराचं भोक थेट तळाशी, मधोमध उघडतंय का ते पाहायचं. ते वर उघडत असेल तर तळची तंबाखू नीट जळत नाही, ओली राहते आणि शेवटी गुरगुर सुरू होते. मग स्टेम (तोंडाकडची नळी) लावलेलं असतानाच क्लीनर (साफ करायची लवचीक तार) आत सारायचा. तो न अडखळता बाउलपर्यंत गेला की नाही, ही एक ओळ मला ग्रेनच्या चार फोटोंपेक्षा जास्त सांगते. बिटची (दातात धरायच्या टोकाची) जाडी व्हर्निअरने मोजतो, वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर (घरच्यांची हरकत नोंदवून घेतली आहे). पाईप दातात धरायची सवय असेल तर ४५ ग्रॅमच्या पुढे जबडा बोलायला लागतो.

क्लीनरची कसोटी आयर्लंडच्या पीटरसन कंपनीच्या सिस्टिम पाईपला मात्र लावू नये. १८९० च्या पेटंटची ही रचना. ओल साठावी म्हणून शँकमध्ये (बाउल आणि स्टेम जोडणाऱ्या दांड्यात) मुद्दाम खळगा ठेवलेला असतो आणि क्लीनर तिथेच थांबतो. याला दोष म्हणणाऱ्याने स्टेम काढून खळगा पुसायची तसदी घेतलेली नसते. पी-लिपचं (याच कंपनीच्या, भोक वरच्या बाजूला असलेल्या बिटचं) मात्र दोन्ही बाजूंनी लिहावं लागतं. धूर जिभेवर न येता टाळूकडे जातो हे खरं, पण ती घडण सगळ्यांच्याच दातांना मानवते असं नाही.

परीक्षण सगळ्यात भरवशाचं ठरतं ते स्वस्तातल्या पाईपांचं. फाल्कन या ब्रँडच्या पाईपचा सांगाडा ॲल्युमिनियमचा, बाउल आटे फिरवून बसवायचा. त्यामुळे एकाचा अनुभव दुसऱ्याला बराचसा लागू पडतो. अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या वॉशिंग्टन गावी १८६९ पासून होणारे मक्याच्या कणसाचे पाईपही तसेच. नवी तंबाखू मी आधी कणसाच्या पाईपात ओढून बघतो आणि मगच ब्रायरमध्ये भरतो. नाहीतर चव तंबाखूची की पाईपाची, हे कळायला मार्ग नाही.

आता हवेचं. परदेशी परीक्षणात ‘दुसऱ्या दिवशी पाईप कोरडा’ असं वाचून मुंबईच्या जुलैत तो लगेच भरायला जाऊ नका. इथे ब्रायर दोन-तीन दिवस दमट राहतो, टेनन (स्टेमचं शँकमध्ये बसणारं टोक) घट्ट होतं आणि जोर लावला तर शँकला चीर जाते. म्हणून प्रत्येक नोंदीवर आता महिना लिहितो. जानेवारीतला शहाणा पाईप श्रावणात गुरगुरतो, त्यात बिचाऱ्याचा काय दोष?

पुण्याच्या जुन्या बाजारातून किंवा मुंबईच्या चोर बाजारातून उचललेल्या पाईपांना वहीत वेगळा रकाना आहे. स्टेम अंगठ्याने जोरात घासून वास घ्यायचा. गंधकाचा वास आला तर एबोनाइट (कडक केलेलं रबर). ते उजेडात हिरवट-तपकिरी पडतं, तेव्हा पॉलिशची मेहनत धरूनच भाव करावा. ॲक्रिलिकचा रंग टिकतो, पण ते दातांना कडक लागतं.

तंबाखूची तरफदारी यात नाही. तिचे परिणाम आपण सगळे जाणतो. माझ्याकडचे दोन तर मी नुसते दुरुस्त करून ठेवलेत.

पुढचं काम ठरलंय : एकाच फाल्कनवर दोन बाउल, एकच तंबाखू, भर पावसात. कुणाकडे पीटरसनचा सिस्टिम ३०७ असेल तर वजन आणि बिटची जाडी कळवा. माझ्या नगाशी ताडून बघायची आहे.