फिजिओथेरपीची बिलं आणि ६० दिवसांचं कलम : माझा अनुभव

गेल्या पावसाळ्यात कर्वे रस्त्यावर स्कूटर घसरली आणि माझ्या उजव्या गुडघ्याची वाटी मोडली. ऑपरेशन झालं, तारेने वाटी बांधली, मेडिक्लेम कॅशलेस होता तोही लगेच मंजूर झाला. तिथपर्यंत कुणाबद्दल तक्रार नाही. खरा त्रास सुरू झाला तो घरी आल्यावर, फिजिओथेरपीचे पैसे मागताना.

आधी गुडघ्याचं सांगते, म्हणजे राग कशाचा ते कळेल. गुडघा वाकवताना मांडीचा पुढचा स्नायू वाटीला ओढतो. त्यामुळे हाड धरेपर्यंत माझ्या सर्जननी लांब ब्रेस घालून पाय सरळच ठेवला होता. त्या काळात गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायची, मांडी आवळून धरायची, सोडायची, इतकंच. ब्रेस निघाला तेव्हा उजवी मांडी डावीपेक्षा नजरेला कळेल इतकी बारीक झाली होती आणि खुर्चीत बसलं की पाय समोर काठीसारखा राही. खुर्चीत नीट बसायला गुडघा ९० अंश वाकावा लागतो, जिना उतरायला साधारण तेवढाच, उकिडवं बसायला त्याहून पुष्कळ जास्त. आमचं घर कोथरूडच्या जुन्या सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही.

म्हणजे खरी फिजिओथेरपी सुरू होते ती ब्रेस निघाल्यावर. पॉलिसीत मात्र 'डिस्चार्जनंतरचा खर्च ६० दिवसांपर्यंत' असं कलम होतं, आणि ते दिवस मोजतात घरी सोडल्याच्या तारखेपासून. त्यातले बहुतेक दिवस ब्रेसमध्येच गेलेले. ज्या दिवसांत रुग्णाला उपचार घेताच येत नाहीत, ते दिवस मोजून मुदत संपवायची, हे मला अजूनही पटत नाही. काही पॉलिसींत ही मुदत ९० किंवा १८० दिवसांची असते. नवी पॉलिसी घेताना खोलीभाड्याच्या मर्यादेइतकंच हे कलमही वाचा.

मुदतीत बसणारी बिलं मी पाठवली. टीपीएकडून, म्हणजे विमा कंपनीसाठी क्लेमचे कागद हाताळणाऱ्या संस्थेकडून, ईमेल आला : फिजिओथेरपीचं प्रिस्क्रिप्शन जोडा. सर्जनच्या ओपीडीत दुपारभर बसून चिठ्ठी आणली, पाठवली. मग आलं : चिठ्ठीवर किती सेशन ते लिहिलेलं नाही. पुन्हा ओपीडी. मग : पावतीवर थेरपिस्टचा नोंदणी क्रमांक नाही. तो घातल्यावर : एकत्र बिल चालत नाही, तारीखवार द्या. हे सगळं पहिल्याच ईमेलमध्ये लिहिता आलं असतं. प्रत्येक उत्तरानंतर फाइल रांगेत मागे जायची, फोनवर दर वेळी नवा माणूस, आणि त्याला वाटी कशी मोडली इथपासून सांगायचं. शेवटी कळवलं की फिजिओथेरपी हा ऐच्छिक खर्च आहे, देय नाही. ज्या बाईला जिना उतरता येत नाही तिच्यासाठी ऐच्छिक! त्या दिवशी मी खरोखर रडले.

आमच्या शेजारचे काका विमा कंपनीतून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "ताई, टीपीएशी भांडू नका. टीपीए फक्त कागद हाताळतो, क्लेम नाकारायचा अधिकार विमा कंपनीचा. नकार कुठल्या कलमाखाली, ते कंपनीकडून लेखी मागा." तसं पत्र मी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहिलं. सोबत सर्जनचं पत्र : वाटीचं ऑपरेशन, त्यामुळे आखडलेला गुडघा, त्यासाठी फिजिओथेरपी आवश्यक. 'आवश्यक' हा शब्द त्यांच्याकडून मुद्दाम लिहून घेतला. कंपनीने महिन्याभरात उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, तर पुढे विमा लोकपाल, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारे अधिकारी. पुण्यात त्यांचं कार्यालय नारायण पेठेत, न. चिं. केळकर रस्त्यावर आहे. फी नाही, वकील लागत नाही, पण कंपनीच्या नकारानंतर वर्षाच्या आत जावं लागतं. मी तो अर्ज भरून ठेवला होता. त्याआधीच कंपनीचं पत्र आलं आणि मुदतीतल्या सेशनचे पैसे खात्यात जमा झाले. मुदतीनंतरचे मी खिशातून भरले.

या सगळ्यात एक गोष्ट मी होऊ दिली नाही : पैसे अडकले म्हणून सेशन थांबवले नाहीत. आखडलेला सांधा क्लेम मंजूर व्हायची वाट बघत नाही. रोज जाणं परवडत नसेल तर थेरपिस्टला स्पष्ट सांगा, आठवड्यातून एकदोनदा जाऊन बाकीचे दिवस घरी करायचे व्यायाम त्या लिहून देतात. टाच गादीवरून सरकवत जवळ आणायची, पलंगाच्या कडेला बसून पाय खाली सोडायचा, पाय सरळ ठेवून उचलायचा. यांना यंत्र लागत नाही.

यंत्राचं निघालंच आहे तर : यंत्राने गुडघ्याला दिलेल्या विजेच्या सौम्य करंटने दुखणं काही वेळ कमी होतं, ते मला बरंही वाटायचं, पण गुडघा वाकतो तो वाकवल्याने. नुसतं करंट लावून झोपवून ठेवणारं सेंटर असेल तर दुसरं शोधा. माझ्या थेरपिस्ट आधी शेक द्यायच्या, मग वाटी बोटांनी इकडेतिकडे सरकवायच्या, मग व्यायाम, शेवटी बर्फ. "काकू, श्वास रोखू नका," हे त्यांचं पालुपद. दर आठवड्याला कोनमापकाने गुडघा मोजून वहीत लिहायच्या. ज्या दिवशी ९० चा आकडा लिहिला त्या दिवशी मी जिना एकटीने उतरले, कठडा धरून, पण एका पायरीवर एक पाऊल टाकत. क्लेमच्या पैशांपेक्षा तो आनंद मोठा होता.

त्या वहीच्या पानांची झेरॉक्स मी तक्रारीला जोडली होती. उपचाराने फरक पडतोय याचा तारखेनिशी पुरावा तोच, तेव्हा थेरपिस्टकडून असे आकडे लिहून घ्या. आणि डिस्चार्ज कार्ड हातात घेताना, हॉस्पिटलच्या काउंटरवरून हलायच्या आधी, त्यावर 'फिजिओथेरपी' लिहिलंय का ते बघा. नसेल तर तिथेच लिहून घ्या.