माऊ गेली

मागच्या गुरुवारी पहाटे आमची माऊ गेली. अकरा वर्षं होती घरात. पंचवटीत आमचा जुना वाडा आहे ना, त्याच्या माळ्यावर जन्मली, तिच्या आईने बाकीची पिल्लं सात घरं फिरवली आणि हिला आमच्याकडेच सोडून गेली ती गेलीच. ऑफिसात फोन करून सांगितलं की आज येत नाही, कारण सांगितलं तर पलीकडून "मांजरच ना?" एवढंच आलं. मला पुढे बोलताच येईना.

त्या रात्री झोप लागली नाही म्हणून मोबाईलवर वाचत बसले आणि इजिप्तपर्यंत पोचले. हेरोडोटस नावाचा ग्रीक, अडीच हजार वर्षांपूर्वीचा, त्याने लिहून ठेवलंय की घरातली मांजर आपल्या मरणाने मेली की त्या घरातली सगळी माणसं भुवया काढायची. आपल्याकडे वडील गेले की मुलगा केस काढतो तसंच की हे! म्हणजे रस्त्यात कोणी भेटलं तरी न विचारता समजणार, यांच्याकडे मांजर गेलंय. मी ते वाचलं आणि खूप रडले.

त्यांची बास्तेत देवी आधी सिंहिणीच्या रूपात होती, मग हळूहळू मांजरीच्या रूपात आली, घराची आणि बाळंतिणींची राखण करणारी. बुबास्तिसला तिचं मोठं देऊळ, जत्रेला लोक नाईलमधून होड्यांनी यायचे, गात, टाळ्या वाजवत. मला वाटतं ही भक्ती धान्याच्या कोठारातूनच आली असणार, उंदीर आणि साप दोन्ही मारणारं दुसरं कोण होतं? आजीच्या कणगीपाशी पण मांजर असायचीच. आणि मांजरीला ते काय म्हणायचे, तर साधारण 'म्यू'. आपल्या माऊच्या किती जवळ!

पण सगळंच गोड नाहीये. देवीला वाहायला मांजरांच्या ममी लागायच्या, त्यासाठी देवळांपाशी मांजरं पाळायचे, एक्सरेमध्ये कितीतरी लहान पिल्लांच्या माना मोडलेल्या दिसल्यात. हे मला अजिबात पचत नाही. आणि १८९० मध्ये अशा ममी जहाजाने लिव्हरपूलला नेल्या, जवळजवळ १९ टन, आणि शेतात खत म्हणून विकल्या. खत!

त्याच्या कितीतरी आधी, इजिप्तवर टॉलेमी राजांचं राज्य असताना, एका रोमन माणसाच्या हातून चुकून मांजर मेलं तर जमावाने त्याला सोडलं नाही, राजाची माणसं आली तरी. आजी म्हणायची मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतं, ते आठवलं.

मला सगळ्यात लक्षात राहिली ती थुतमोस राजपुत्राची मांजर, ता-म्यू. तिच्यासाठी त्याने चुनखडीची कोरीव शवपेटी करवून घेतली, साधारण ३४०० वर्षांपूर्वी. त्यावर ती कोरलीय, समोर नैवेद्याचं ताट आणि ती ऐटीत बसलेली.

माऊला आम्ही परसात तगरीखाली पुरलं. आईने तिला कधी देवघरात येऊ दिलं नाही. आज सकाळी बघितलं तर तगरीपाशी माऊची ती स्टीलची चेपलेली वाटी, दूध घालून, वर दोन फुलं.