लघवीच्या स्लाइडवरचे गुलाबी धागे

"मॅडम, या लघवीत बुरशी आहे," आमची ज्युनियर टेक्निशियन मायक्रोस्कोपवरून उठत म्हणाली.

ऑइल इमर्शनखाली, म्हणजे सगळ्यात मोठं दाखवणाऱ्या लेन्सखाली, पाहिलं. लांबच लांब धागे, काही तर पस सेलच्या (पुवातल्या पांढऱ्या पेशीच्या) कितीतरी पट लांब. पण बुरशी काही पटेना. कॅन्डिडा ही बुरशी ग्रॅम स्टेनमध्ये, म्हणजे जंतू रंगवून ओळखण्याच्या चाचणीत, जांभळी दिसते. हे धागे गुलाबी होते. म्हणजे पेशीच्या भिंतीतला पेप्टिडोग्लायकनचा (भिंतीला ताकद देणाऱ्या जाळीचा) थर इतका पातळ, की अल्कोहोलने धुताना जांभळा रंग निघून गेला आणि सॅफ्रानिन हा गुलाबी रंग चढला. शिवाय धाग्यांची जाडी शेजारच्या आखूड दंडाणूंएवढीच, म्हणजे काडीसारख्या जिवाणूंएवढीच.

वॉर्डात फोन केला. पेशंटने घरात उरलेल्या सेफॅलेक्सिन या अँटिबायोटिकच्या गोळ्या आधीच घेतल्या होत्या. मग उलगडा झाला.

हे धागे म्हणजे लघवीच्या संसर्गात नेहमी सापडणारी ई. कोलाय ही जिवाणूच असणार. ती एरवी जेमतेम २ मायक्रॉन लांब. ती वाढते, डीएनएची दुसरी प्रत तयार होते, दोन्ही प्रती दोन बाजूंना सरकतात. मधोमध एफटीएसझेड प्रथिनाचं कडं बसतं आणि तिथे आडभिंत उभी राहते. ही आडभिंत विणणारं एन्झाइम म्हणजे पेनिसिलिन-बाइंडिंग प्रोटीन ३. सेफॅलेक्सिन कमी प्रमाणात असलं की ते मुख्यतः यालाच चिकटतं. रायबोसोम प्रथिनं बनवत राहतात, डीएनए दुपटत राहतो, बाजूची भिंत लांबत जाते. विभाजन तेवढं होत नाही. एकेका धाग्यात डीएनएच्या कितीतरी प्रती! एवढीशी पेशी, पण तिच्यातली कामं एकमेकांपासून किती वेगळी चालतात, हे इतकं स्वच्छ क्वचितच दिसतं.

दुसऱ्या दिवशी मॅकॉन्कीवर, म्हणजे जंतू वाढवण्याच्या प्लेटवर, गुलाबी कॉलन्या (जंतूंचे पुंजके) आल्या. त्यांचा स्मिअर केला, म्हणजे काचेवर पसरून रंगवून पाहिलं, तर सगळे आखूड दंडाणू. प्लेटवर औषध उरलं नव्हतं, त्यामुळे विभाजन पूर्ववत सुरू झालं होतं. मला काळजी वाटली ती याचीच. लांबलेला जंतू मेलेला असेलच असं नाही. औषध अर्धवट सुटलं तर तो पुन्हा वाढू लागतो. रिपोर्टमध्ये ई. कोलायच्या खाली 'नमुना अँटिबायोटिक चालू असताना घेतलेला' अशी ओळ मुद्दाम घातली आणि डॉक्टरांशीही बोलले.

सेन्सिटिव्हिटीच्या, म्हणजे कोणतं औषध लागू पडतं ते पाहण्याच्या, प्लेटवर सेफॅलेक्सिनच्या डिस्कभोवती (औषध असलेल्या कागदी चकतीभोवती) झोन, म्हणजे जंतू न वाढलेला गोल, स्वच्छ पडला होता. ज्युनियरला म्हटलं, झोनच्या अगदी कडेचा स्मिअर कर, तिथे औषध मारण्याइतकं नसतं पण असतं. तिने स्टेन करून लेन्सखाली धरला आणि मला हाक मारली. तेच धागे होते.