फेस बसायच्या आत

कोल्हापुरात गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर संध्याकाळी म्हशी येऊन उभ्या राहतात आणि गिऱ्हाइकासमोरच धार निघते. आधी रिकाम्या बादलीत टणटण, मग बादली भरेल तसा नुसता सूं सूं आवाज. पेला हातात येतो तो म्हशीच्या अंगाची ऊब घेऊनच. ओठाला फेस, नाकात गोठ्याचा वास, शेजारी कुठल्याशा कुस्तीच्या निकालावरून वाद. एवढं सगळं चहूकडून येतं, पण मला लागतं ते एकच, धारोष्ण दूध.

ही मोट बांधतं कोण? मेंदूत डोळ्यांचं खातं मागं, कानांचं कडेला, स्पर्शाचं वर.

१९५३ साली डीएनएची रचना उलगडणाऱ्या दोघांतले एक, फ्रान्सिस क्रिक, म्हातारपणी याच प्रश्नाला चिकटले. त्यांचा संशय क्लॉस्ट्रमवर. लॅटिनमध्ये याचा अर्थ बंदिस्त जागा. मेंदूच्या दोन्ही अर्धांत खोल दडलेला एकेक पापुद्रा, सायीसारखा. काही ठिकाणी जाडी मिलिमीटरसुद्धा नाही. धागे मात्र मेंदूच्या वरच्या थरात जवळजवळ सगळीकडे पोचलेले. मेंदूशास्त्रज्ञ क्रिस्टॉफ कॉख यांच्यासोबत लिहिलेल्या निबंधात क्रिकनी त्याला वाद्यवृंदाच्या संचालकाची उपमा दिली. (आमच्याकडं काठी हलवणारा कुणी नसतो, हलगीवालाच बाकीच्यांना ओढून नेतो. मला तीच उपमा जास्त पटते.) २८ जुलै २००४ ला क्रिक गेले, त्या दिवशीही ते याच निबंधावर हात फिरवत होते. तो २००५ मध्ये छापून आला.

पुढं २०१४ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी अपस्मार असलेल्या ५४ वर्षांच्या एका बाईंची हकिकत छापली. क्लॉस्ट्रमजवळच्या इलेक्ट्रोडमधून वीज सोडली की वाचता वाचता त्या थांबायच्या, नजर शून्यात. वीज बंद केली की भानावर, आणि मधलं काहीच आठवायचं नाही. पण बाई एकच. आणि एवढा पातळ पापुद्रा, तेवढाच, तोही दोन्हीकडचा दुखावलाय असा रोगी सहसा मिळत नाही. त्यामुळं ‘हाच तो’ म्हणायला अजून कुणी धजत नाही.

‘‘पावणं, नुसतं पेल्याकडं काय बघालाय? फेस बसला की!’’

मी दचकलो. खरंच बसला होता. पेल्याच्या कडेला तेवढी पांढरी रेघ उरलेली.