फोन कुणाचा?

"काकू, फोन चांगलाय, पण यात तुमचं सिम नाही चालायचं," दुकानदार म्हणाला.

आईने चष्मा कपाळावर सारला आणि त्याच्याकडे बघत राहिली. हातात बटणांचा फोर-जी फोन. स्वस्त, मोठ्या आकड्यांचा, तिला आवडलेला. पण चालणार एकाच कंपनीच्या सिमवर, आणि त्या कंपनीची रेंज आमच्या गावात गच्चीवर गेलं तरच.

"म्हणजे पैसे मी द्यायचे आणि ऐकणार तो त्यांचं?"

दुकानदार हसला. मीही हसले, पण ते वाक्य घरी येईपर्यंत डोक्यातून जाईना. नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय देशभर २०११ पासून आहे. १९०० वर मेसेज टाकला की पोर्टिंग सुरू. नंबर मोकळा सुटला, आणि हा फोन मात्र दावणीलाच!

शेवटी दोन सिमचा साधा कीपॅडवाला घेतला. थोडा महाग पडला. रिचार्ज २८ दिवसांचा, म्हणजे वर्षातून १३ वेळा. (हे आईला अजून सांगितलेलं नाही.)

तुमच्या घरी आधी काय बघतात, हँडसेट की रेंज?